जाता जाता

मागच्या दिवाळीत भाच्याने मला एक खेळ शिकवायला घेतला. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्याचं नाव. १९७४ साली अमेरिकेत निघाला, म्हणजे वयाने माझ्याहून वडीलच. वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि आपण कुऱ्हाडवाले योद्धे आहोत असं समजायचं. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हे समजणं अजिबात जड जात नाही. समोर राक्षस आला. बँकेतल्या वीस वर्षांच्या अनुभवाला स्मरून मी ताबडतोब माघारी वळलो. तेवढ्यात राक्षसाने मला हाणलं!

"अरे, पण पाळी माझी आहे ना?" मी म्हणालो.

"मामा, शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यावर त्याला एक फुकटचा वार मिळतो."

आधी 'मी रीतसर अंग काढून घेतो' असं जाहीर केलं तर हा वार चुकतो, पण त्यात माझी कृती खर्च होते. राक्षसालाही असा वार एकदाच. मग त्याची पाळी येईपर्यंत त्याने गप्प बसायचं. आणि वार न करता त्याने मला नुसतं धरून ठेवलं, तर माझा वेग शून्य.

तुम्ही म्हणाल, पोरखेळ आहे. पण मला रात्री झोप येईना. जाणाऱ्या माणसावर वार करणं न्यायाचं आहे का?

आमच्या कवठे येमाईकडे लहानपणी आम्ही हुतूतू खेळायचो. (१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी करून दाखवली, हे सांगितल्याशिवाय मास्तर खेळायला सोडत नसत.) तिथेही चढाईवाला आत येतो तेव्हा सगळे मागे सरकतात. तो परत निघाला की मग शूर होतात आणि घोटा धरतात. पण कबड्डीचा कायदा राक्षसाच्या कायद्याहून शहाणा आहे. दम न सोडता गड्याने मध्यरेषेला नुसतं बोट लावलं, तर धरणारे जेवढे असतील तेवढे सगळे बाद! मी एकदा एकट्या पोराच्या अंगावर चौथा म्हणून पडलो होतो. त्याचं बोट रेषेला लागलं आणि आम्ही चौघं धूळ झटकत बाहेर. धरावं की सोडावं याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

घरात मात्र पंच नसतो. पाहुणा तासभर बसलेला असतो तेव्हा आपण चहा देतो, हवापाण्याचं बोलतो. तो चपला शोधायला लागला की उंबऱ्यावर खरं वाक्य बाहेर पडतं. मला वाटतं, म्हणूनच आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ते अंग काढून घेण्याचं रीतसर जाहीर निवेदनच आहे. आमच्या तर गावाच्या नावातच 'ये' आहे.

तरीही मी वार केला. तीन वर्षांपूर्वी दादा माझ्याकडे आला होता. विहिरीच्या मोटारीसाठी कर्ज हवं होतं आणि जामीन म्हणून माझी सही. मी नियम सांगितले. नियम सांगताना माझा आवाज फार गोड होतो, असं घरचे म्हणतात. दादा काही बोलला नाही. पाणी प्याला, टोपी घातली, "येतो" म्हणाला. त्याने पाठ फिरवली आणि मी म्हणालो, "मागचे हप्ते वेळेवर भरले असतेस, तर दारोदार फिरायला लागलं नसतं."

तो वळला नाही. वाक्य खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. तो बसलेला असताना ते सांगितलं असतं, तर सल्ला झाला असता. त्याला उत्तर देता आलं असतं. त्यानंतर तो आला नाही, आणि पाळी त्याची आहे असं म्हणत मी तीन वर्षं काढली.

परवाच्या रविवारी मीच गेलो. मोटार त्याने कुठूनशी बसवली होती. पाणी जोरात पडत होतं. आम्ही पावसावर आणि कांद्याच्या भावावर बोललो. त्या वाक्याबद्दल मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा कांदाच बाहेर पडला. शिरूरच्या एसटीची वेळ झाली. मी उठलो, "येतो दादा" म्हणालो आणि मुद्दामच जरा हळू चपला घातल्या. पाठ त्याच्याकडे ठेवली. एक वार त्याचा येणं होता.

मागून त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी धरायचा तसंच, घट्ट.

"जेवल्याबिगर कुठं चाललास?"

वेग शून्य. एसटी गेली.