किरकोळ चोरी: कबुली, दंड आणि प्रायश्चित्त

दुकानातून वस्तू उचलल्याच्या आरोपावरून न्यायालयात उभे राहणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. गुन्हा शाबीत होईल का, हा वकिलाचा प्रश्न. तो खरोखर केला असेल तर कबूल करावा का, हा नीतीचा. दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना महाभारतातली एक फळचोरी उपयोगी पडते.

शंख आणि लिखित हे दोघे तपस्वी भाऊ. शंख आश्रमात नसताना लिखिताने त्याच्या झाडाची पिकलेली फळे तोडून खाल्ली. थोरला परतला, त्याने विचारले, तेव्हा धाकट्याने हसत हसत खरे ते सांगितले. ही चोरी आहे; राजाकडे जा, आपण होऊन गुन्हा सांग आणि शिक्षा माग, असे शंखाने त्याला बजावले. राजा सुद्युम्न लिखिताला सोडून द्यायला तयार होता. दंडाचा अधिकार राजाचा, तसा क्षमेचाही राजाचाच, हा त्याचा युक्तिवाद. लिखित ऐकेना, अखेर त्याचे हात तोडले गेले. पुढे बाहुदा नदीत तर्पणाला उतरल्यावर ते परत आले, तेव्हा त्याने भावाला विचारले, आपल्या तपात एवढे बळ होते तर मला आधीच शुद्ध का केले नाही? शंख म्हणाला, तुला दंड देणारा मी नव्हे. शांतिपर्वात व्यास ही कथा राज्य सोडू पाहणाऱ्या युधिष्ठिराला सांगतात, त्यामुळे तिचा भर राजाच्या कर्तव्यावर आहे. चार फळांसाठी दोन हात हा हिशेब आजच्या वाचकाला क्रूर वाटतो, आणि तो क्रूरच आहे.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय याच वाटेने जातो. चोराने केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन राजाकडे धावत जावे आणि आपले कृत्य सांगावे. राजाने शिक्षा केली काय किंवा सोडले काय, तो चोरीच्या पापातून सुटतो. शिक्षा टाळणाऱ्या राजाच्या माथी मात्र ते पाप बसते. किरकोळ वस्तूंच्या चोरीला अकराव्या अध्यायात वेगळा उपाय आहे: वस्तू परत करून सांतपन कृच्छ्र करावे, म्हणजे एक दिवस पंचगव्य आणि दर्भाचे पाणी, नंतर एक रात्र उपवास. यातली परतफेडीची अट महत्त्वाची. माल घरात ठेवून केलेल्या उपवासाने शुद्धी होत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 303 या रचनेच्या बरेच जवळ आले आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. फरक एवढाच की प्रायश्चित्त माणूस आपण होऊन घेतो, ही सेवा मात्र न्यायालय ठोठावते.

पट्टेवाल्याचा पुकारा होतो, आरोपी कठड्यात उभा राहतो, आरोप वाचून दाखवला जातो आणि न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ ज्याने शाम्पूची बाटली खरोखरच पिशवीत घातली होती, त्याने ‘नाही’ म्हटले तर तो खोटे बोलला का? कायद्याच्या भाषेत या ‘नाही’चा अर्थ ‘शाबीत करा’ एवढाच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पुराव्यानंतर न्यायालय त्याला प्रश्न विचारते तेही शपथेविना, आणि त्या वेळच्या खोट्या उत्तराबद्दल शिक्षा नाही. राजसत्तेपुढे एकट्या माणसाला दिलेले हे संरक्षण आहे. ते वापरणे म्हणजे अधर्म नव्हे.

दुकानदारापुढे मात्र ही ढाल चालत नाही. नुकसान त्याचे झालेले असते आणि अनेकदा संशय दुकानातल्या पोऱ्यावर गेलेला असतो. खरी कबुली त्याला द्यायची असते. उलट, तारखांना कंटाळून ‘कबूल’ म्हणून मोकळे होण्यात पश्चात्ताप शोधणे व्यर्थ. आणि निर्दोष माणसाने सुटका करून घेण्यासाठी दिलेली कबुली तर सरळ असत्यच ठरते. कोणतीही कबुली देण्याआधी वकिलाशी बोलणे म्हणूनच नीतीलाही धरून आहे.

मालकाची तयारी असेल तर साध्या चोरीचे प्रकरण त्याच्याशी तडजोड करून मिटवता येते. दोष शाबीत झाला तरी 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन सोडू शकते. अशा वेळी दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. दोषसिद्धीची नोंद मात्र त्यामुळे पुसली जात नाही.