हत्यारांचा मालक कोण?

आश्विनांतल्या नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, सुताराच्या घरीं करवत, वाकस, रंधा, पटाशी हीं सारीं हत्यारें पुसून पाटावर मांडतात, त्यांस हळदकुंकू लावतात, झेंडूचीं फुलें वाहतात, आणि तो दिवस त्यांना विश्रांति देतात. ह्या पूजेचा अर्थ लावण्यास फार पांडित्य नको. जें वर्षभर आपल्यासाठीं झिजलें त्यास एक दिवस नमस्कार करावा, एवढाच तिचा आशय आहे. परंतु ह्या साध्या आचारांत एक अट गृहीत धरलेली असते, ती सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. पूजा एका दिवसाची असते, ती बाकीचे दिवस कामाचे असतात म्हणून. ज्या हत्याराला वर्षभर मान मिळतो आणि काम मात्र एकही दिवस मिळत नाहीं, त्याची आपण पूजा करतों कीं त्यास कोंडून ठेवतों, असें कोणी विचारलें तर उत्तर देणें कठीण जाईल.

हा प्रश्न आम्हांस पोथी वाचून सुचलेला नाहीं. गेलीं कांहीं वर्षें घराच्या मागल्या पडवींत आम्हीं सुतारकामाचें एक लहानसें टेबल मांडलें आहे. जुनीं हत्यारें मिळवावीं, तीं साफसूफ करून धारेवर आणावीं, आणि त्यांवर चौरंग, पाट, पुस्तकांचे कप्पे असें कांहींबाहीं करावें, असा नाद आम्हांस लागला आहे. वरवर पाहतां ह्याहून निरुपद्रवी छंद दुसरा नसेल. ह्यांत कोणाचें नुकसान नाहीं, शरीरास व्यायाम आहे, मनास विरंगुळा आहे. तथापि हा छंद सर्वस्वीं निर्दोष आहे, असें आम्हांस आतां पूर्वींच्या खात्रीनें म्हणवत नाहीं. त्याचें कारण एक रंधा.

पुण्याच्या जुन्या बाजारांत एका रविवारीं सायकलींच्या साखळ्या आणि नळाच्या तोट्या ह्यांच्या ढिगांत तो पडला होता. त्याचें अंग बाभळीचें, हातानें घडवलेलें. पातें मात्र विलायती, त्यावर शेफील्डचें नांव आणि ‘कास्ट स्टील’ हीं अक्षरें अर्धवट वाचतां येत होतीं. जेथें अंगठा टेकतो तेथें लाकडास एक गुळगुळीत खळगा पडलेला होता, आणि मागल्या बाजूस कोणीं तरी पटाशीनें आपल्या नांवाचीं दोन अक्षरें कोरलीं होतीं. विक्रेत्यास विचारलें तेव्हां एवढेंच कळलें कीं, कोणी म्हातारा वारला आणि घरच्यांनीं पेटी विकून टाकली. त्यानें पातें काढून तराजूंत टाकलें, भंगाराच्या भावानें किंमत सांगितली, आणि लाकडाचे पैसे धरत नाहीं असेंही वर औदार्यानें सांगितलें. त्या वस्तूचें मोल आम्हांस ठाऊक होतें, त्यास नव्हतें. आम्ही गप्प राहिलों, पैसे दिले, आणि जरा घाईनेंच पाय उचलले.

व्यवहाराच्या दृष्टीनें ह्यांत वावगें कांहींच नाहीं. विकणाऱ्यानें मागितलें तें आम्हीं दिलें. त्यानेंही ती पेटी ह्याहून स्वस्तांतच घेतली असेल. मग मनास टोंचणी कसली? पुष्कळ दिवस आम्हांस वाटत होतें कीं ती किंमतीची आहे. आतां वाटतें कीं किंमत हा तिचा लहान भाग. मोठा भाग हा कीं, एका माणसाचा आयुष्यभराचा सोबती आमच्या घरीं आला, आणि त्याच्याबरोबर एक ऋण आलें, हें आम्हीं ओळखलें नव्हतें. आम्हीं त्यास भिंतीवर टांगलें, आणि पाहुण्यांस दाखवूं लागलों.

जुनीं हत्यारें तीं सारीं चांगलीं आणि आतांचीं तीं सारीं भिकार, असें आमच्या छंदी मित्रांच्या तोंडीं वरचेवर येतें. हें मत भावनेचें आहे, विचाराचें नव्हे. जुन्या काळींही वाईट हत्यारें पुष्कळ निघत. तीं मोडलीं, वांकलीं आणि भट्टींत गेलीं. जीं बरीं होतीं तींच बहुधा मागें राहिलीं, आणि आपण त्या उरलेल्यांवरून सगळ्या काळाचें माप घेतों. मात्र ‘कास्ट स्टील’ ह्या दोन शब्दांना खरोखर अर्थ होता. बेंजामिन हंट्समन नांवाच्या इंग्रज घड्याळजीनें १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ पोलाद मुशींत वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. तोंपर्यंत तिकडच्या पोलादांत कोठें कठीण तर कोठें मऊ असा दोष राहत असे. दक्षिण भारतांत मुशींतलें पोलाद त्याच्या कित्येक शतकें आधींपासून होत होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. हें पोलाद महाग. म्हणून पात्याचें बहुतेक अंग मऊ लोखंडाचें करीत आणि धारेच्या बाजूस पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून सांधीत. धार लावतां लावतां ती पट्टी कमी होत जाई, आणि ती संपली कीं पातें संपलें. आमच्या रंध्याच्या पात्यांत ती आतां दोन बोटें उरली आहे. जेवढें पोलाद गेलें तेवढें त्या अनोळखी माणसाचें काम झालें, असें समजावयास हरकत नाहीं.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. इंग्लंडांत रोचेस्टर येथील संग्रहालयांत बेंजामिन सीटन नांवाच्या सुताराची पेटी आहे. त्याच्या बापानें १७९६ सालीं लंडनच्या ख्रिस्तोफर गेब्रियल ह्या हत्यारें करणाऱ्या व्यापाऱ्याकडून मुलासाठीं पुरा संच घेतला. पुढल्या वर्षीं मुलानें तो ठेवण्यास स्वतः सुरेख पेटी केली आणि हत्यारांची यादीही लिहून ठेवली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुतार काय काय बाळगीत असे, हें अभ्यासकांना इतक्या तपशिलानें कळतें तें ह्या पेटीमुळें. ती इतकी सुस्थितींत कां राहिली? तर तींतलीं हत्यारें फारशीं वापरलींच गेलीं नाहींत म्हणून. दुसरें उदाहरण ‘मेरी रोझ’ ह्या आठव्या हेन्रीच्या लढाऊ जहाजाचें. तें १५४५ सालीं बुडालें आणि १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. त्यावरील सुतारांचीं हत्यारें सांपडलीं. चिखलांत त्यांचे लांकडी भाग टिकले, लोखंडाचे बहुतेक गंजून गेले.

म्हणजे एक संच टिकला तो वापरला गेला नाहीं म्हणून, आणि दुसरा टिकला तो बुडाला म्हणून. जो रोज हातांत राहिला त्याचें काय झालें? दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, पुण्यांत विश्रामबागवाडा उभा राहिला. त्याचे कोरीव खांब आणि दर्शनी भागाचें नक्षीकाम आजही जातां येतां माणसें मान वर करून पाहतात. तें काम ज्या पटाश्यांनीं झालें त्या कोठें आहेत? त्या त्या खांबांत आहेत; दुसरीकडे शोधण्यांत अर्थ नाहीं. हत्यार झिजून नाहींसें होतें तेव्हां तें नष्ट झालें असें आपण म्हणतों, परंतु वस्तुतः तें आपलें काम पुरें करून गेलेलें असतें.

येथें कोणी अशी शंका काढील कीं, असें असेल तर संग्रह करणें हेंच पाप ठरेल. आमचें म्हणणें तसें नाहीं. पुण्यांतच दिनकर केळकर ह्यांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं अशा रोजच्या वापरांतल्या वस्तु जन्मभर गोळा केल्या, अकालीं गेलेल्या राजा ह्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांचें संग्रहालय केलें, आणि १९७५ सालीं तें धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. तें काम त्यांनीं केलें नसतें तर आपल्या आज्यापणज्यांच्या हातांत काय असे, हें आपल्या मुलांस कळलें नसतें. परंतु संग्रहालय आणि घरांतली भिंत ह्यांत भेद आहे. संग्रहालय वस्तूचें काम थांबवतें आणि त्या बदल्यांत सर्वांस ज्ञान देतें. तेथें वस्तु कोठली, कोणत्या काळची, कशासाठीं, हें कोणासही वाचतां येतें. आमच्या भिंतीवर ना काम होतें ना ज्ञान. होती ती केवळ मालकी. एका जातीचे वीस रंधे ओळीनें टांगणाऱ्यानें स्वतःस एवढेंच विचारावें कीं, ह्यांतून कोणास काय मिळतें?

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. जुनें हत्यार हातीं आलें कीं त्यावरचा तांबेरा काढावा लागतो, मूठ किडली असेल तर नवी बसवावी लागते, पातें गेलें असेल तर दुसरें घालावें लागतें. मग तें जुनें हत्यार उरलें असें म्हणावें काय? ‘मिलिंदप्रश्न’ ह्या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. रंध्यासही हाच न्याय लागू आहे. त्या अनोळखी सुतारानें स्वतःही हें पातें किती तरी वेळां काढून घातलें असेल, पाचर बदलली असेल. त्यास कधीं रंधा बदलल्यासारखें वाटलें नसेल, कारण काम तेंच चाललें होतें. वस्तूची ओळख तिच्या तुकड्यांत शोधली तर सांपडत नाहीं. ती तिच्या कामाच्या अखंडपणांत असते. म्हणून धारेस आड येणारा तांबेरा आम्ही निःशंकपणें काढतों. पण अंगठ्याचा खळगा आणि तीं दोन अक्षरें ह्यांस कानस लावीत नाहीं. पहिली गोष्ट कामाच्या आड येते, दुसरी येत नाहीं. आणि ती पुसण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिलेला नाहीं.

असो. हा विचार मनांत घोळत असतांनाच एका पावसाळ्यांत आमचें पुढलें दार फुगून अडकूं लागलें. सुतारास बोलावलें, तो आला, आणि नेमकी वीज गेली. त्याचें विजेवरचें रंधायंत्र पिशवींत राहिलें. त्याची नजर भिंतीकडे गेली. परवानगी विचारून त्यानें रंधा काढला, पातें दगडावर घांसलें, हातोडीनें दोन हलक्या टिचक्या मारल्या, आणि दाराची कड अशी उतरवली कीं छिलका सलग, कागदासारखा निघाला. आम्हीं दोन वर्षें तो रंधा अधूनमधून वापरला होता; तसा छिलका आमच्या हातून एकदांही निघाला नव्हता. काम झाल्यावर त्यानें तो पालथा न ठेवतां कुशीवर ठेवला, आणि म्हणाला, “पातं नामी आहे, काका. पण ह्याला पोटभर काम नाही मिळत.”

“मग घेऊन जा,” असें आम्ही म्हणालों. हें लिहितांना आपला मोठेपणा सांगावा असा हेतु नाहीं. उलट तें म्हणतांना आमचा आवाज खालीं गेला होता, आणि तो नको म्हणेल तर बरें, असें मनाच्या एका कोपऱ्यांत वाटत होतें. तो नकोच म्हणाला. “माझी रोजी मशीनवर, काका. ह्याच्यावर दारं करत बसलो तर घरचे उपाशी राहतील. पण पोरगा शिकतोय. हात बसायला त्याला हाच बरा.”

ह्या दोन वाक्यांनीं आमच्या छंदाची मर्यादा आम्हांस दाखवली. हाताच्या कामाचें गौरवगान करणें आम्हांस सोपें आहे, कारण आमचें पोट त्यावर नाहीं. ज्यानें हातरंधा टाकून यंत्र घेतलें त्यानें कलेशीं द्रोह केला असें म्हणणें हा शुद्ध अन्याय आहे. त्यानें मुलांच्या तोंडांतला घांस राखला. जुनीं हत्यारें आमच्यापर्यंत येतात तीं त्याच्या ह्या निवडीमुळेंच. तेव्हां आपण एका नामशेष होत चाललेल्या विद्येचे वारस आहों, असा अहंकार आम्हां हौशी लोकांस शोभत नाहीं. फार तर आपण तिचे राखणदार आहों. आणि राखणदाराचें काम तीन गोष्टींत आटपतें: जें सोंपवलें गेलें तें धारेवर ठेवावें, तें कसें वापरावें हें नीट शिकावें, आणि ज्याचा हात आपल्याहून त्यास अधिक योग्य आहे असा मनुष्य भेटला कीं तें त्याच्या हातीं द्यावें. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

तो मुलगा पुढें दोन-तीन रविवार आमच्या पडवींत येऊन गेला. आरंभीं त्याच्या हातून लाकूड फाटे; मग फाटेनासें झालें. तिसऱ्या रविवारीं त्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यांत बसला, आणि त्याच संध्याकाळीं रंधा त्याच्याबरोबर गेला. भिंतीवर त्याच्या जागीं एक रिकामी खुंटी आहे. ती अजून थोडी खुपते. त्या रंध्यावर आपलींही दोन अक्षरें कोरावीं असें मध्यंतरीं एकदां आमच्या मनांत आलें होतें. आम्हीं तीं कोरलीं नाहींत, ह्याचें आतां समाधान वाटतें. दोन बोटें पोलाद अजून शिल्लक आहे. तें त्या मुलाच्या हातून संपलें तर आमचें ऋण फिटलें, असें आम्ही समजूं.

ज्या वाचकांच्या घरीं आजोबांची करवत किंवा चुलत्यांची पटाशी माळ्यावर पडून असेल, त्यांनीं येत्या खंडेनवमीस ती खालीं काढून पुसावी आणि फूल वाहावें. दुसऱ्या दिवशीं दसरा. सोनें लुटून झालें कीं तिला धार लावावी, आणि ती कोणाच्या हातांत शोभेल ह्याचा शांतपणें विचार करावा.