ताटीआडचे मूल : बालमन, श्वास आणि योगाभ्यास

॥ श्री ज्ञानेश्वर माउली समर्थ ॥

प्रवरेच्या तीरावरील श्रीक्षेत्र नेवासे ही ज्ञानेश्वरीची जन्मभूमी. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, श्रीज्ञानदेवांनी येथे गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्या पाषाणस्तंभाला टेकून माउलींनी हे निरूपण केले, त्या पैसाच्या खांबापुढे आपण मस्तक ठेवतो, नवस बोलतो आणि त्यात बहुधा मुलांचेच मागणे असते. ‘मुलगा हट्टी झाला आहे, मुलगी अबोल झाली आहे, देवा, त्यांना सुबुद्धी दे.’ या मागण्याचे उत्तर येथेच सांगितल्या गेलेल्या ग्रंथात आणि माउलींच्या चरित्रात आहे. त्याचा अल्पसा विचार करू.

मुक्ताईची शिकवण

परंपरा सांगते की, एकदा लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. आईवडिलांचे छत्र हरपलेली, समाजाने दूर लोटलेली ही चार भावंडे. दुःखाला कारण मोठे होते. त्या वेळी दाराबाहेर उभी राहिली ती सर्वांत धाकटी मुक्ताई. तिने दार ढकलले नाही, दटावले नाही, ‘तुला राग येतोच कसा’ असा टोमणाही मारला नाही. तिने पुन्हा पुन्हा प्रेमाने हाक मारली, भावाला त्याच्या मूळ थोर स्वरूपाची आठवण दिली आणि ताटी त्याच्याच हातून उघडली जाईपर्यंत ती तेथेच थांबली. तिचे ते बोल ‘ताटीचे अभंग’ म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

भाविकहो, यातील मर्म पाहावे. ज्ञानदेवांसारख्या योग्याच्या चरित्रातही ही ताटी आली, मग आपल्या लेकरांची काय कथा! परीक्षेचे भय, मित्रांची चेष्टा, घरातील भांडण, धाकट्या भावंडाविषयीचा मत्सर यांतील काहीही मुलाला शब्दांत सांगता येत नाही. मग ते भांडी आपटते, दार लावून घेते किंवा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगाव भागातून दरवर्षी कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही लेकरे आजी-आजोबांजवळ मागे राहतात, काही उसाच्या फडावर जातात. या मुलांच्या मनात किती माया कोंडून राहत असेल, याचा विचार आपण करतो का? लावलेल्या ताटीवर लाथ मारली तर ती आतून अधिकच घट्ट होते.

मन आणि वायू

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने तक्रार केली की, मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे. भगवंतांनी ते मान्य केले, परंतु अभ्यास आणि वैराग्य यांच्या योगे ते वश होते, असे आश्वासनही दिले. याच अध्यायाच्या निरूपणात माउलींनी नाथपंथाची योगविद्या मराठीत खुली केली. ही विद्या गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून माउलींना लाभली होती. पतंजलींनीही श्वास सावकाश बाहेर सोडण्याचा अभ्यास चित्तप्रसादाचा एक उपाय म्हणून सांगितला आहे.

यामागील कार्यकारणभाव सोपा आहे. राग आला की श्वास उथळ व जलद होतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास दीर्घ केला की शरीराला विसावा मिळू लागतो आणि शरीरामागोमाग मनही निवते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा असा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय.

मुलांसाठी सोपा नित्यक्रम

1. प्रथम शरीर मोकळे करावे. सूर्यनमस्कार, ताडासन किंवा अंगणातील धावणे यांपैकी काहीही चालेल. साचलेली शक्ती वाहून गेल्याविना मूल स्थिर बसत नाही.

2. नंतर सुखासनात बसवून पोटावर हात ठेवण्यास सांगावे. श्वास घेताना पोट वर येते, सोडताना आत जाते, एवढेच मुलाने पाहावे.

3. नाकाने श्वास घेऊन, ओठ मिटून, भुंग्यासारखा गुंजारव करीत तो सावकाश सोडावा. हा भ्रामरी प्राणायाम पाच ते सात वेळा पुरे.

4. शेवटी एखादा अभंग, मनाचे श्लोक किंवा क्षणभर शांतता.

शास्त्रात माणसाचे अहोरात्रीचे श्वास 21,600, म्हणजे मिनिटाला 15 मानले आहेत. मुलांचा श्वास स्वभावतः याहून जलद असतो. म्हणून मोठ्यांची मोजणी त्यांच्यावर लादू नये, श्वास कोंडून धरायला लावू नये, भस्त्रिकेसारख्या जोरकस क्रियाही देऊ नयेत. दमा, फिट्स किंवा हृदयविकार असल्यास वैद्यांना विचारूनच आरंभ करावा. हा अभ्यास मूल प्रसन्न असताना शिकवावा. भर रागात ‘श्वास घे’ म्हणून ओरडणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. आणि प्राणायाम ही कधीही शिक्षा होऊ नये.

गीतेने योग्यालाही आहार, निद्रा आणि श्रम यांत मध्यम प्रमाण सांगितले आहे. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या, वेळेवर न जेवणाऱ्या मुलाचा चिडखोरपणा केवळ प्राणायामाने जाणार नाही. तसेच उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, झोप-भूक हरपली किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलले, तर अंगारा-दोऱ्यावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य करते. श्रद्धा आणि औषध यांत वैर नाही.

काळाचे दान

दानशूर भाविकांनी अन्नदान, वस्त्रदान अवश्य करावे. परंतु आपल्या लेकरासाठी रोज अर्ध्या घटकेचे दान काढावे. त्या वेळी मोबाइल दूर असावा, टीव्ही बंद असावा आणि आई-बाबांनी स्वतः मुलाशेजारी बसून श्वास सोडावा. बापाचा राग पाहून मूल राग शिकते, बापाचा शांत श्वास पाहून शांती शिकते. ज्या घरी आई-बाप जवळ नाहीत, तेथे आजी-आजोबांनी, गुरुजनांनी, शेजाऱ्यांनी ही मुक्ताईची जागा घ्यावी.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वासाठी पसायदान मागितले. खळांचा नाश व्हावा असे त्यांनी मागितले नाही, त्यांच्या मनातील वाकडेपण जावे एवढेच मागितले. आपल्या मुलांसाठीही हेच मागू या. मूल नष्ट न होता त्याचा क्रोध निवावा, ते दबून न जाता त्याने समजून घ्यावे. पैसाच्या खांबाला माउली टेकली. आपल्या लेकराला टेकता येईल असा एक खांब प्रत्येक घरी असावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम ॥