उन्हाळ्यांतील उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘आशा बाळगणारा’ एवढाच आहे. निवडणुकींच्या धामधुमींत त्याचा अर्थ आतां मतें मागणारा असा होऊन बसला असला, तरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं कचेरींत वर्ष-दोन वर्षें बिनपगारी कारकुनी करून एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण म्हणजे उमेदवार. तो दप्तरें बांधी, नकला उतरून घेई, वरिष्ठांची मर्जी राखी. आणि या सर्वांच्या मोबदल्यांत त्याला मिळे ती केवळ आशा. अलीकडे विज्ञानशाखेचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटींत मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत दोन महिने काम करावयास जातात, त्याला ‘इंटर्नशिप’ असें म्हणतात. नांव नवें असलें तरी वस्तु ओळखीची आहे. ती उमेदवारीच होय. फरक आहे तो आशा कशाची धरावयाची याविषयीं, आणि माझ्या मतें या व्यवहारांतील नैतिक प्रश्न तेथेंच आहे.

या उमेदवारीचीं ठिकाणें सुशिक्षित घरांत परिचयाचीं झालीं आहेत. कुलाब्याच्या टोकाला समुद्रकांठीं उभी असलेली, १९४५ सालीं होमी भाभा यांच्या पुढाकारानें निघालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था. जमशेटजी टाटांच्या संकल्पांतून १९०९ सालीं स्थापन झालेली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. अशा ठिकाणीं पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यांत येतात. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्यांनीं मिळून दोन महिन्यांची शिष्यवृत्तीहि कित्येक वर्षें चालविली आहे. कोणी सांगलीहून येतो, कोणी नांदेडहून येते. नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहांत उतरून लोकलच्या गर्दीशीं पहिला आठवडा झगडतात आणि दुसऱ्या आठवड्यांत सराईत होतात. या भागाचें वर्णन लांबविण्यांत अर्थ नाहीं. सुटी संपवून मूल घरीं परतलें म्हणजे वडील मंडळी विचारतात, ‘दोन महिने घालवून मिळवलेंस काय?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचें उत्तर प्रमाणपत्रावर शोधणें रास्त नव्हे.

तें उत्तर समजण्यासाठीं महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकाचा तास डोळ्यांपुढें आणावा लागेल. पंचवीस-तीस वर्षें हा तास मी जवळून पाहत आलों आहें. विद्यार्थी साधा लोलक टांगतो, वीस आंदोलनांचा वेळ मोजतो, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढतो. पुस्तकांतील आंकडा ९८१ आहे हें त्याला आधींच ठाऊक असतें. त्याचें स्वतःचें उत्तर ९५० आलें, तर तो लोलकाकडे पाहत नाहीं. शेजाऱ्याच्या वहीकडे पाहतो. मग एखाददुसरें रीडिंग सुधारलें जातें, आणि जर्नलांत ९८०.६ असा सोज्ज्वळ आंकडा उमटतो. मौज अशी कीं, मुंबईच्या अक्षांशावर हें त्वरण प्रत्यक्षांत सुमारें ९७८.६ इतकें आहे. टेबलावरच्या साध्या लोलकाला एवढा बारीक फरक दाखवितां येत नाहीं, हें खरें. तरी ज्या जर्नलांत पुस्तकांतला आंकडा तंतोतंत उतरतो, तें जर्नल पुस्तकाशीं इमान राखतें, निसर्गाशीं नव्हे. परीक्षक हें जाणतो, शिक्षक जाणतो, विद्यार्थीहि जाणतो. आणि तिघेहि सभ्यपणें गप्प बसतात. या लबाडीनें कोणाचें नुकसान होत नाहीं असें आपण समजतों, कारण खरें उत्तर पुस्तकांत सुरक्षित असतें.

संशोधनाच्या प्रयोगशाळेंत ही सोय नाहीं. तेथें ज्या प्रश्नावर काम चालतें, त्याचें उत्तर पुस्तकांत नसतें. तें मार्गदर्शकालाहि ठाऊक नसतें, आणि म्हणूनच तो प्रश्न तेथें असतो. नवख्याच्या वांट्यास अर्थातच त्याचा एखादा कोपराच येतो. द्रावणें तयार करावीं, कांचेचीं भांडीं धुवावीं, एकाच नमुन्याचें पन्नास वेळां मापन करावें, असें हें काम. कष्ट मामुली आहेत. परंतु त्यानें लिहिलेला आंकडा ताडून पाहण्यास आतां पुस्तक नाहीं. त्या आंकड्याच्या भरंवशावर दुसरा कोणी आपला प्रयोग रचील, तिसरा निष्कर्ष काढील. वयाच्या विसाव्या वर्षीं प्रथमच त्याचा शब्द हाच पुरावा होतो.

मोठें शहरहि या शिक्षणांत आपला वांटा उचलतें. लहान गांवांत माणूस शेजाऱ्यांच्या नजरेखालीं वागतो, आणि त्या नजरेच्या धाकालाच पुष्कळदां आपण शील समजतों. शहरांत ती नजर नसते. रात्रीं नऊ वाजतां उपकरणापुढें एकटी बसलेली विद्यार्थिनी पन्नासावें मापन खरोखर घेते, कीं एकोणपन्नासाव्यावरून अंदाजानें लिहून वसतिगृहाची वाट धरते, हें पाहणारें कोणी नाहीं. तिचा प्रामाणिकपणा दुसऱ्यांच्या धाकाचा होता कीं तिचा स्वतःचा होता, याचा निकाल अशा वेळीं लागतो. आणि तो निकाल तिला एकटीलाच कळतो.

नवख्याचा हा प्रामाणिकपणा केवळ शोभेची वस्तु आहे असें कोणी समजूं नये. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी एका नव्या रेडिओ-दुर्बिणीच्या नोंदी तपासण्याच्या कामावर होती. रोज सुमारें शंभर फूट कागद यंत्रांतून बाहेर पडे, आणि तो सारा डोळ्यांनीं वाचावा लागे. त्यांत एके ठिकाणीं तिला एक बारीकशी खरड दिसली. ती नेहमींच्या खगोलाचीहि वाटेना आणि माणसांच्या यंत्रांच्या उपद्रवाचीहि वाटेना. तेवढा कागद पुढें सरकवून दिला असता, तर तिला कोणीहि दोष दिला नसता. तिनें तो सरकविला नाहीं. सुमारें १.३३ सेकंदांच्या अंतरानें नियमितपणें येणारे ते स्पंद होते, आणि पल्सार या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्यांचा शोध त्यांतून लागला. १९७४ सालचें नोबेल पारितोषिक तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश व त्यांचे सहकारी मार्टिन राइल यांना मिळालें, तिला मिळालें नाहीं. त्या निवाड्यावर वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु निवाडा करणारे पुढचे. त्याच्या आधीं, नोंद न जुळल्याचें कबूल करणारी ती विद्यार्थिनी होती.

यावर कोणी म्हणेल, उमेदवाराच्या अंगीं असा निर्भयपणा कोठून यावा? दोन महिन्यांच्या अखेरीस त्याला अहवाल द्यावयाचा असतो, आणि मार्गदर्शकाचें शिफारसपत्र हीच त्याची खरी कमाई. ‘कांहीं निष्पन्न झालें नाहीं’ असें लिहिणाऱ्याची शिफारस कोण करणार? हा आक्षेप हलका नाहीं. प्रचलित आंकड्याचा धाक थोरांनाहि वाटतो. मिलिकन यांनीं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार मोजून १९१३ सालीं प्रसिद्ध केला. हवेच्या चिकटपणाचा आंकडा किंचित् चुकीचा धरल्यामुळें त्यांचें उत्तर थोडें कमी आलें होतें. पुढील संशोधकांचीं उत्तरें एकदम बरोबर न येतां हळूहळू वर सरकत गेलीं. फाइनमन यांनीं १९७४ सालीं विद्यार्थ्यांपुढें भाषण करतांना त्याचें कारण सांगितलें, तें असें: आपला आंकडा मिलिकनच्या आंकड्यापासून फार दूर पडला, तर लोक त्यांत दोष शोधीत, जवळ पडला, तर तितक्या कसोशीनें शोधीत नसत. हे कांहीं लबाड लोक नव्हते. लोलकाच्या टेबलावर लागलेली जुनी खोड विद्वत्तेचा पोषाख घालून पुढें आली होती, इतकेंच.

म्हणून एकट्या उमेदवाराच्याच कर्तव्याचा विचार करून भागणार नाहीं. १९३३ सालीं मुंबईची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवतांच्या भगिनी आणि पुढें कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या संस्थेंत प्रवेश मागूं लागल्या. त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणावरून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं नकार दिला. त्यांनीं हट्ट सोडला नाहीं, तेव्हां एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षाच्या कामानें त्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि १९३९ सालीं त्यांनीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. रामन यांनीं अखेर कामाला प्रमाण मानलें, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. पण पुरुषांस न घातलेली अट त्यांनीं एका विद्यार्थिनीस घातली, हा अन्याय त्यामुळें पुसला जात नाहीं. उमेदवाराला पारखण्याचा अधिकार गुरूला आहे. ती पारख मात्र कामाची असावी. आणि हातीं आलेल्या फळाइतकेंच, फळ न आल्याच्या नेटक्या नोंदीला त्या पारखींत मोल असावें. ‘या मुलीचा प्रयोग फसला, पण कोठें फसला तें तिनें अचूक लिहून ठेवलें’, एवढें वाक्य शिफारसपत्रांत घालण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें उमेदवार ठेवूंच नये.

खर्चाचा प्रश्न राहतो. शिष्यवृत्तीशिवाय शहरांत दोन महिने काढणें ज्यांना परवडतें, त्यांच्याच मुलांना ही संधि मिळावी, हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं; बिनपगारी उमेदवारी कारकुनाला जितकी जाचक होती, तितकीच ती संशोधकालाहि आहे.

घरच्या मंडळींस मात्र एक सुचवावेंसें वाटतें. मूल परतल्यावर काय मिळवलेंस असें न विचारतां, तुझा कोणता आंकडा अपेक्षेशीं जुळला नाहीं, आणि मग तूं काय केलेंस, असें विचारावें. ज्या मुलीला याचें सविस्तर उत्तर देतां येईल, तिचे दोन महिने सत्कारणीं लागले. सुटीनंतर ती पुन्हां आपल्या महाविद्यालयांत येईल आणि त्याच टेबलावरच्या लोलकापुढें उभी राहील. या वेळीं ९५० आलें, तर ती आधीं दोऱ्याची लांबी पुन्हां मोजील, आंदोलनें पुन्हां मोजील. आणि तरीहि ९५० च आलें, तर जर्नलांत ९५० लिहील. त्या पानावर गुण द्यावयाचे कीं कापावयाचे, हें आम्हां शिक्षकांस ठरवावयाचें आहे.