भातातलं विष

दुपारची ताटं वाढून झाली होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने आपलं ताट दूर सारलं. "सिस्टर, भातात विष आहे." माझ्याबरोबर त्या दिवशी नर्सिंगची एक विद्यार्थिनी होती. मनाने फार चांगली, आणि धीट. तिने त्याच ताटातला चमचाभर भात उचलून स्वतः खाल्ला. "बघा दादा, मला काही झालं का?" तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही आधी उतारा घेतलाय."

ड्युटी संपताना ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मग काय म्हणायचं असतं, मॅडम? हो, विष आहे, असं म्हणायचं?"

इतकी वर्षं मानसिक आजारांची शुश्रूषा शिकवताना मला याहून मोलाचा प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही. पुरावा दिला तर भ्रम तो पुरावाच गिळून टाकतो. होकार दिला तर आपण त्याच्या भीतीवर सही करतो, आणि पुढे बरं वाटू लागल्यावर, सिस्टरही आपल्याशी खोटं बोलली होती, हे त्याला आठवतं. मग उरतं काय?

आपला मेंदू सतत निवड करत असतो. पंख्याची घरघर सोडून द्यायची, गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की कान टवकारायचे. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे असा शिक्का मारण्याच्या कामात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. सायकोसिसमध्ये, म्हणजे भ्रम आणि भास होतात त्या अवस्थेत, हा शिक्का भलत्याच गोष्टींवर पडू लागतो, असं आज अनेक संशोधक मानतात. शेजाऱ्याचं खोकणं, गाडीचा नंबर, भाताचा जरासा वेगळा वास, सगळं काहीतरी सांगू पाहतंय असं वाटतं. माणूस मग त्याचा अर्थ लावतो. तो अर्थ आपल्याला चुकीचा दिसतो, पण त्याआधीचा धसका त्याच्या शरीराने खरोखर भोगलेला असतो. म्हणून विष खोटं असलं तरी भीती खरी असते. नर्सला बोलायचं असतं ते त्या भीतीशी.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. म्हणाले, "मला या भातात विष दिसत नाही. पण तू घाबरलायस, ते मला दिसतंय. उपाशी नको राहूस. केळं खाशील?" केळं मी सोलून दिलं नाही. साल त्याची त्यानेच काढायची होती. बंद साल म्हणजे कुणाचा हात न लागलेलं अन्न. त्याने दोन केळी खाल्ली. हे भ्रमाचे लाड आहेत असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. मी त्याच्या म्हणण्याला मान डोलावली नव्हती, आणि तो उपाशीही राहिला नव्हता.

कानातल्या आवाजांचंही तेच. आवाजांविषयी विचारलं की ते बळावतात, या समजुतीने कित्येक वर्षं विषय बदलायला शिकवलं गेलं. नेदरलँड्समध्ये 1987 च्या सुमारास मारियस रोम या मनोविकारतज्ज्ञाने आपल्याच एका रुग्ण स्त्रीच्या आग्रहावरून आवाज ऐकणाऱ्यांना एकत्र बोलावलं, तेव्हापासून हे हळूहळू बदललं. पुढे तान्या लुहरमान या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन माटेओ, घानाची राजधानी आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी 20 जणांशी बोलून पाहिलं. अमेरिकेतल्या लोकांना आवाज बहुधा हिंसक आणि परके वाटत होते. चेन्नईतल्या अनेकांना मात्र नात्यातल्या माणसांचे आवाज येत, ते घरातली कामं सांगत, रागावत. म्हणून "आवाज येतात का?" एवढ्यावर थांबू नये. कुणाचा येतो, काय सांगतो, आणि तो सांगेल ते करावंच लागतं का, हेही विचारावं. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर कधी कधी जीव अवलंबून असतो. तो प्रश्न अवघड वाटतो म्हणून टाळू नये.

औषधांबद्दल लोक डॉक्टरांना विचारतात, ते बरोबरच आहे. पण औषध अंगात काय करतंय, हे चोवीस तास बघणारी नर्स असते. एखादा सारखा येरझाऱ्या घालतो, बसला तरी पाय हलवतो, पुन्हा उठतो. नोंदवहीत "रुग्ण अस्वस्थ, चिडलेला" एवढंच लिहिलं, तर आजार वाढला असं समजून डोस वाढण्याचा धोका असतो. खरं तर ती तगमग कित्येकदा औषधाचीच असते. तिला अकॅथिझिया म्हणतात, आणि डोस वाढला की ती आणखी वाढते. "आतून कसं वाटतंय? पाय स्थिर ठेवता येतात का?" असं विचारून दोन ओळी जास्त लिहिल्या की पुढचं सगळं बदलतं. क्लोझापिन या औषधावर असलेल्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या असतात, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. ताप आला, घसा दुखला की कळवायचं, हेही राहतं. पण या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, म्हणून "पोट साफ झालं का?" हा साधा प्रश्न रोज विचारायला हवा. तो मागे पडतो.

घरच्यांना सर्वांत जास्त त्रास भ्रमांचा होत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. आवाज थांबतात, भ्रम विरतात, आणि मग मुलगा नुसता पडून राहतो. अंघोळ करत नाही, बोलत नाही, कशात रस घेत नाही. गोळ्यांचा या लक्षणांवर फारसा जोर चालत नाही. घरात मात्र त्याला आळशीपणा म्हणतात. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या कामापासून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की जिथे सतत टोचून बोललं जातं अशा घरात परतलेल्यांचा आजार लवकर उलटतो. हे आईबापांना सांगताना माझी जीभ जड होते. एके काळी मानसोपचाराच्या जगानेच आईला स्किझोफ्रेनियाचं कारण ठरवलं होतं. तो घोर अन्याय होता, आणि आपल्या एखाद्या वाक्यातून तो पुन्हा होऊ नये. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द मनापासून आवडतात, कारण त्यांत दोघांनाही जागा आहे आणि दोष कुणालाच नाही. स्किझोफ्रेनियासाठी मराठीत रूढ झालेल्या छिन्नमनस्कता या शब्दाने मात्र एका देहात दोन माणसं राहतात असा गैरसमज पसरवला. जपानने 2002 मध्ये अशाच अर्थाचं नाव रीतसर बदललं.

त्या मुलाला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्याची आई माझ्याजवळ आली. हातात गोळ्यांची पिशवी घट्ट धरलेली. "सिस्टर, घरी गेल्यावर पुन्हा भात नाही म्हणाला तर?"

"पातेलं मधोमध ठेवा, ताई. सगळ्यांनी त्यातूनच घ्या. त्याचं त्याला वाढून घेऊ द्या."

"आणि तरी नाहीच जेवला तर?"

"त्या दिवशी वाद घालू नका. झोपतोय का, गोळी घेतोय का, ते बघा. दोन दिवस असंच चाललं तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता घेऊन या."

तिने ते सगळं मला कागदावर लिहून मागितलं. मी लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत.