उतारूचा धर्म

प्रवास करणाऱ्या माणसासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द त्या माणसाचे जगाशी असलेले एक वेगळे नाते सुचवितो. यात्रेकरू देवाकडे निघालेला असतो, पांथस्थ वाटेवर असतो, पर्यटक स्थळे पाहतो. या सर्वांत उपेक्षित राहिलेला शब्द 'उतारू' हा होय. रेल्वेच्या आणि एस. टी.च्या सूचनाफलकांवर तो वर्षानुवर्षे वावरला. साहित्यात मात्र त्याला प्रतिष्ठा अशी कधी लाभली नाही. व्युत्पत्ती काहीही असो, ऐकणाऱ्याच्या कानाला तो शब्द वाहनातील माणसाची ओळख बसण्यावरून नव्हे, तर उतरण्यावरून करून देतो. जागा आपल्या मालकीची नाही, ती काही काळापुरती लाभली आहे आणि पुढच्या थांब्यावर ती दुसऱ्याची होणार आहे, असा अर्थ त्यात आपोआप येऊन बसतो. सुटीच्या दिवसांत परक्या गावी गेलेल्या माणसाने तेथे कसे हिंडावे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आणि खर्चाचा आहे. परंतु यात्रेकरू, पर्यटक आणि उतारू यांपैकी आपण कोण, याचे उत्तर तो माणूस या निवडीतूनच देत असतो, आणि म्हणून हा प्रश्न नीतिविचाराच्याही कक्षेत येतो.

मराठी माणसाच्या बाबतीत हा प्रश्न उटी-कोडाईकनालपेक्षा तंजावरात अधिक अडचणीचा ठरतो. थंड हवेच्या ठिकाणी आपण परके आहोत हे त्याला मान्यच असते. तंजावरात तो 'आपल्या' गावी आलेला असतो. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ साली ती खालसा झाली. म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास. बृहदीश्वराच्या मंदिरातील भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे, सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल आहेत. हे सारे पाहताना अभिमान वाटावा, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या अभिमानातून नकळत निपजणारे स्वामित्व. वातानुकूलित गाडीतून, सोबत मराठी मार्गदर्शक आणि आपल्याच चवीचे जेवण घेऊन आलेला समूह राजवाडा पाहतो, मंदिर पाहतो, आणि दुपारी गाभारा बंद होण्याच्या आत कुंभकोणमच्या वाटेला लागतो. या सबंध वेळात त्याला तंजावरच्या एकाही माणसाची गरज पडलेली नसते.

बसने फिरणाऱ्याचे तसे नसते. शहराच्या बाहेरच्या अंगाला नवे बसस्थानक, मंदिर आणि राजवाड्याच्या बाजूला जुने. दोहोंमध्ये धावणाऱ्या शहरी बसगाड्यांच्या पाट्या तमिळमध्ये. पाटी वाचता न येणारा माणूस कितीही विद्वान असला तरी त्या क्षणी निरक्षर असतो. 'आपल्या' तंजावरात त्याला कोणाला तरी विचारावे लागते, आणि ज्याला विचारायचे तो त्याच्या पूर्वजांचा प्रजाजन नसून भाजीची टोपली घेऊन उभा असलेला एक स्वतंत्र नागरिक असतो. वारशाच्या भावनेला एवढा एक धक्का बसला तरी प्रवासाचे निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

येथपर्यंतचे विवेचन मान्य करायला सोपे आहे. कठीण भाग पुढे आहे. परका माणूस दुसऱ्याच्या गावात फिरतो तेव्हा त्याचा भार कोण उचलतो, आणि कोणत्या नात्याने?

या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या मराठी राजांनीच देऊन ठेवले आहे. रामेश्वराला जाणाऱ्या मार्गावर त्यांनी छत्रे बांधली, आणि त्यांना राजघराण्यातील व राजाच्या जवळच्या स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध नावे. १७९९च्या तहानंतर राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा दुसऱ्या सरफोजीराजांनी ही छत्रे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून खटपट केली. १८०१च्या आरंभी त्यांनी इंग्रज रेसिडेंटाला या संबंधात लिहिलेले पत्र राजकीय पत्रव्यवहारात विरळा आढळणाऱ्या आर्जवाने भरलेले आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणीही वाटसरू येवो, त्याला तेथे अन्न मिळते. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्य मिळते. अनाथ मुले सांभाळली जातात, त्यांना शिकविले जाते. गर्भवती स्त्रियांची काळजी घेतली जाते, असे राजे त्यात सांगतात. त्यांतील एक तपशील तर विसरू म्हटल्या विसरत नाही. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून, जे कोणी अद्याप आले नसतील त्यांना बोलावून उरलेले अन्न दिले जाई.

राज्य गमावलेल्या राजाने सैन्यासाठी नव्हे, तर उशिरा पोहोचलेल्या अनोळखी वाटसरूच्या पानासाठी भांडावे, ही गोष्ट मोठीच आहे. तरीही तिच्यापुढे हात जोडून थांबणे हे टीकाकाराचे काम नव्हे. त्याच पत्रात असेही आहे की, शिजविलेला भात ज्यांना चालत नसे त्यांना कोरडा शिधा मिळे. औदार्य सर्वांसाठी होते, पंगत सर्वांची नव्हती. दीड शतकानंतर इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर नेमके हेच पाहिले. 'वाटचाल' या लेखात, एकाच दिंडीत एकच अभंग गात चालणारे ब्राह्मण आणि मराठे मुक्कामाला पोहोचताच वेगवेगळ्या चुलींकडे वळतात, याची त्यांना लागलेली बोच आहे. म्हणजे वाट एक असल्याने माणसे एक होतात, हा समज दानालाही खरा करता आला नाही आणि भक्तीलाही नाही. शिवाय या छत्रांचा खर्च राजाच्या खिशातून येत नव्हता. त्यांना गावे लावून दिलेली होती. रामेश्वराच्या यात्रेकरूच्या पानात पडणारा भात अखेर कावेरीच्या खोऱ्यातील एखाद्या कुळाच्या घामातून आलेला होता, आणि ते कूळ स्वतः कधी रामेश्वराला गेले असेल, याची खात्री देता येत नाही.

हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या काळाकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. १८६१ साली नागपट्टणमहून तंजावरपर्यंत आगगाडी आली. १८९४ साली मायावरम ते मुत्तुपेट्टै ही रेल्वे सुरू झाली. ती तंजावरच्या जिल्हा बोर्डाची होती आणि तिच्यासाठी लागणारा पैसा जमिनीवरील उपकरातून उभा राहिला होता. छत्राला गावचा सारा, रेल्वेला गावचा उपकर: परक्याचा भार वाहणारा खांदा बदललेला नाही. बदलले ते नाते. छत्रातील वाटसरू आश्रित होता, आगगाडीतील उतारू तिकिटाचा धनी झाला.

या बदलाचे मोल किती, हे सुखवस्तू प्रवाशाला कळणे अवघड आहे. ते ज्याने जाणले त्याचा अनुभव महाराष्ट्रातील आहे. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी तो प्रसंग सांगितला आहे. तिकिटाने मुलांची जात विचारली नव्हती. स्टेशनाबाहेरच्या बैलगाडीवाल्यांना मात्र ती आड आली. दुप्पट भाडे देऊनही कोणी त्यांना गाडीत घेईना. शेवटी गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. रात्रभर त्या मुलांना पिण्याचे पाणी मिळाले नाही. रेल्वे कोणी पुण्यवान संस्था होती म्हणून तिने मुलांना मसूरपर्यंत आणले असे नव्हे. तिला फक्त भाडे हवे होते. पण 'फक्त भाडे हवे असणे' हीच त्या समाजात केवढी मोठी नैतिक प्रगती होती! सार्वजनिक वाहन माणसावर प्रेम करीत नाही, त्याला पंगतीला बोलवीत नाही, त्याच्यासाठी मध्यरात्री घंटा वाजवीत नाही. ते त्याला जागा देते आणि ती कृपा म्हणून देत नाही. दानाची ऊब त्यात नाही. दानाची लाचारीही नाही.

पण मग येथेच एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तमिळनाडूत मे २०२१ पासून साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना भाडे पडत नाही. त्याची भरपाई सरकार करते. ही योजना मोलकरणीसाठी आहे, कापडाच्या दुकानात उभ्याने दिवस काढणाऱ्या मुलीसाठी आहे, तालुक्याच्या इस्पितळात आईला नेणाऱ्या लेकीसाठी आहे. ज्याला मोटार परवडते, जो केवळ अनुभव म्हणून किंवा तत्त्व म्हणून बसमध्ये चढतो, तो सकाळी आठ वाजता तिरुवैयारुच्या गाडीत यांच्यापैकी एकीची जागा अडवितो, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर आहे? गरज असलेल्याचा प्रवास आणि हौस असलेल्याचा प्रवास यांची किंमत एकच कशी? छत्रातले अन्न एखाद्या सावकाराने खाल्ले असते तर त्याला आपण काय म्हटले असते?

तुलना चपखल दिसते, पण ती फसवी आहे. अन्नछत्रातील अन्न खाणाऱ्यागणिक कमी होते. बसचे तसे नाही. ज्या मार्गावर उतारू वाढतात त्या मार्गावर फेऱ्या टिकतात आणि ज्या मार्गावरून पैसेवाले निघून जातात तेथील गाड्या हळूहळू जुन्या, अनियमित होत जातात. महाराष्ट्रातील एस. टी.च्या उतारूला हे समजावून सांगण्याची गरज नाही. केवळ गरिबांसाठी उरलेली सार्वजनिक व्यवस्था ही फार काळ चांगली राहत नाही. तिची तक्रार करणाऱ्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही. परक्या प्रवाशाला बसमधील जागेचा अधिकार आहे, तो याच कारणाने. मात्र अधिकार असणे आणि दोघांचे अधिकार एकाच तोलाचे असणे, या भिन्न गोष्टी आहेत. ज्याला आठच्या ऐवजी दहाची गाडी चालते त्याने दहाची धरावी. ज्याची सुटी आहे त्याने उभे राहावे. बस आपल्या स्थळासाठी वळावी, चित्रे काढून होईपर्यंत थांबावी, अशी इच्छाही त्याने मनात आणू नये. वेळापत्रक हे त्या गावाच्या गरजांचे लिखित रूप असते. पाहुण्याने ते वाचावे, त्यात दुरुस्त्या सुचवू नयेत.

भाड्याच्या मोटारीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. वृद्धांना उंच पायऱ्यांची बस चढवत नाही, आणि नैतिकतेच्या नावाखाली त्यांना तंजावर नाकारणे हा निव्वळ दुष्टपणा होईल. मोटारीमुळे चालकाचे घर चालते हेही खरेच. पण जो चालक चार दिवस मंदिरांच्या दारापर्यंत नेतो तो आत किती वेळा येतो? रात्री प्रवासी खोलीत निजतात तेव्हा तो पुष्कळदा गाडीच्या पुढच्या आसनावर पाय दुमडून पडलेला असतो. त्याचा मोबदला चुकता झालेला असतो, त्यामुळे त्याच्या झोपेचा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. पालखीतल्या माणसाला भोयांचे नाव ठाऊक नसे. मोटारीतल्या माणसाला चालकाचे नाव ठाऊक असते, एवढाच फरक पडला असेल तर तो पुरेसा नाही. ज्याला मोटारीची गरज आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण बसमध्ये न चढल्याने आपण ऋणमुक्त राहिलो, असे मात्र समजू नये.

सरफोजीराजांनी स्वतः १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा केली ती राजाला साजेशा लवाजम्यासह. मात्र त्याच राजाने 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले आणि त्यात जगाचा भूगोल सांगण्यासाठी त्याने पंडित निवडला नाही, सेनापती निवडला नाही. भविष्य सांगत गावोगाव फिरणारी कुरवंजी निवडली. कुरवंजी नाटकाचा तो प्रघातच होता, हे मान्य. तथापि खंडे, पर्वत, नद्या आणि नगरे यांचे नवे ज्ञान भटकणाऱ्या एका स्त्रीच्या तोंडी शोभेल, असे त्याला वाटले, हे लक्षणीय आहे. तिच्यापाशी लवाजमा नाही. ती ज्या दारी जाते त्या दाराची भाषा तिला बोलावी लागते, आणि ज्या वाटेने जाते ती वाट इतरांनी आधीच तुडविलेली असते.

तिरुवैयारुच्या बसमधून जाणाऱ्याला तेरा किलोमीटरांत एकामागून एक नद्या लागतात. वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि मग कावेरी. मोटारीच्या बंद काचेतूनही त्या दिसतात. पण बसमधील शेजारी प्रत्येक पुलावर नदीचे नाव सांगतो, पाणी सोडले की नाही ते सांगतो, आणि त्यागराजांच्या समाधीकडे जाणारी वाट कोणती ते न विचारता दाखवितो. भाषा अर्धवटच कळते, आणि तेवढी पुरते.

ओरत्तनाडू दुसऱ्या दिशेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर आहे. सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मुक्तांबाळ छत्राचे नाव सहसा नसते. जिथे उशिरा आलेल्या वाटसरूसाठी घंटा वाजत असे ते ठिकाण पाहण्यासाठी गाडी वळवावी, असे फारसे कोणाला वाटत नाही. बस मात्र तेथे थांबतेच. बाजाराला, शाळेला, कचेरीला आलेली माणसे घाईने खाली उतरतात, आणि छत्र पाहायला आलेला एखादा असलाच, तर त्यांच्यामागून उतरतो.