निकाल कोर्टाचा, माया लेकराची



आपल्यातल्या एका घरचे बाबा तुरुंगात आहेत. खटला चालू आहे. देशात २०२२ च्या अखेरीस दर चार कैद्यांतले तीन असेच कच्चे कैदी होते, गुन्हा सिद्ध न झालेले.

लेकराला आपण सांगितलं, "बाबा कामाला परगावी गेलेत." शाळेत ते खोटं ठरलं. मग त्यानं विचारलं, "बाबांनी खरंच केलं का ते?" आपण गप्प बसलो. "आम्हालाही ठाऊक नाही, बाळा," एवढं तरी खरं बोलायला हवं होतं.

अशा वेळी आपण देवकी-वसुदेवांचा दाखला देतो. पण ते निर्दोषच होते. इथे उद्या दोष सिद्ध झाला तर? तरी बाबा ते बाबाच. निवाडा करणं हे लेकराचं काम नाही. त्याला मुलाकातीला नेऊ या, आणि ग्रुपवरची कुजबुज आजच थांबवू या.